पाचव्या ग्रेडनंतर जीसीएसई म्युझिक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

एबीआरएसएमची, म्हणजे ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची, व्हायोलिनची पाचवी ग्रेड (आठांपैकी) झाली, मग जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, म्युझिक हा विषय कशाला, असं विचारलंस. मी म्हणेन, घेच.

ग्रेडच्या 150 गुणांपैकी 90 वाजवून दाखवायच्या तीन रचनांचे, बाकीचे स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह), साइट-रीडिंग (न पाहिलेलं स्वरलेखन वाचून वाजवणं) आणि ऑरलचे (ऐकून ओळखण्याचे). तुझी शाळा जीसीएसईला एडेक्सेल या परीक्षा बोर्डाचा अभ्यासक्रम घेते, त्यात मात्र वादनाला 30 टक्केच आहेत. 30 टक्के स्वतः केलेल्या दोन रचनांना आणि 40 टक्के पावणेदोन तासांच्या लेखी पेपरला. वादन चांगलं म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं रचनेत मागे पडतात.

वादनात चौथ्या ग्रेडची पातळी प्रमाण धरतात. पाचवीला अवघडपणाचा फायदा मिळतो, त्यापुढे तो वाढत नाही. तेव्हा सहावीचं अडखळत वाजवू नकोस, पाचवीचंच सुरेल वाजव. सोलो (एकटीचं) आणि एन्सेम्बल (इतरांबरोबरचं) वादन मिळून किमान 4 मिनिटं हवीत. पियानोच्या साथीचं व्हायोलिन सोलोतच जमा होतं, म्हणून एन्सेम्बलमधल्या ड्युएटसाठी मैत्रीण आत्ताच गाठ. त्यात तुझीच ओळ दुसरं कुणी वाजवत नाही ना, तेही बघ.

स्वतः केलेल्या दोन रचना मिळून किमान 3 मिनिटं लागतात. एक बोर्डाने दिलेल्या सूचनेवर, दुसरी मनाची. मनाची भूप रागात बांधून बघ. डी हा सा धरलास की डी, ए आणि ई या मोकळ्या तारा सा, प आणि रे होतात. सा-प धरून ठेव आणि वर चाल फिरू दे. फक्त तीच ओळ दोन मिनिटं घोळवू नकोस, गुण तिथेच जातात. आठ मात्रांची चाल झाली की ती चेलोकडे सोपव, मग दुगुणीत घे, मग तिचा तुकडाच घेऊन खेळ.

ग्रेडही सोडू नकोस. सहावीला बसण्याआधी एबीआरएसएमला पाचवीची थिअरी लागते, आणि ती जीसीएसईच्या पेपरलाही कामी येते. यूकासमध्ये, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या यंत्रणेत, आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने झाली तर 30 गुण, ए-लेव्हल (जीसीएसईनंतरची परीक्षा) म्युझिकच्या ए ग्रेडला 48. पण बरीच विद्यापीठं हे गुण बघतच नाहीत, ए-लेव्हलच्या ग्रेड मागतात. म्हणून आठवी ग्रेड ही ए-लेव्हलची बदली समजू नकोस.

शाळेचा ऑप्शन्सचा, म्हणजे विषय निवडण्याचा, फॉर्म भरलास की थिअरीचं पुस्तक काढ. रोज वीस मिनिटं पुरेत.