रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय काय?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आणि टेन्शन म्हणाल तर मला तसं काहीच नाही. मग हे होतंय कशानं?"

इंदूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये पीएससीची, म्हणजे राज्यसेवा परीक्षेची, तयारी करणारा मुलगा पोट धरून येतो. सुपर कॉरिडॉरवर नोकरीला जाणारी तरुणी छातीतल्या धडधडीनं घाबरलेली असते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या आपल्या मराठी घरांतल्या बायका बहुधा मान आणि डोकं घेऊन येतात. आधी चार डॉक्टर झालेले असतात, हातात जाड फाईल असते आणि चेहऱ्यावर थोडा अपराधीपणा असतो. आपण नाटक करतोय असं घरच्यांना वाटत असेल, याचा तो अपराधीपणा.

सुलभाताई त्यांतल्याच एक. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या अलीकडे. यजमानांचं सीतलामाता बाजारात कापडाचं दुकान, मुलगी बंगळुरूला, मुलगा इथेच कॉलेजात, घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मान आखडते, सकाळी उठताना जबडा दुखतो, ॲसिडिटी पाठ सोडत नाही आणि रात्री तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, ईसीजी सगळं झालेलं होतं. पाळी जाण्याच्या वयातले बदलही डॉक्टरांनी तपासले होते. ही तपासणी मी कधीच गाळू देत नाही. शरीराची तक्रार आधी डॉक्टरांनी पाहायची, मग माझ्याकडे यायचं.

पहिल्या भेटींत त्या एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिल्या: सगळं छान आहे. मला ते खोटं वाटलं नाही. माणसं खोटं बोलत नाहीत, फक्त ताण मोजायची त्यांची मोजपट्टी मोठ्या घटनांची असते. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी अशी यादीच केली होती: जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, लग्न ५० गुण वगैरे. आपल्या घरांतही हिशेब तोच. कोणी गेलं, नोकरी सुटली, सोयरीक मोडली, तर टेन्शन. पुढे १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या बारीकसारीक कटकटींकडे पाहिलं, आणि शरीराच्या तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो असं त्यांना आढळलं. माझा कल पहिल्यापासून याच विचाराकडे आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामानं तो पक्काच होत गेला.

तरी सुलभाताईंच्या कटकटी सापडेनात. विचारलं की उत्तर यायचं, "ते तर घरोघरी असतंच."

मग एका दुपारी मुलीच्या फोनविषयी छान रंगून बोलत असताना त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. हात पर्सवर गेला, खांदे कानांपर्यंत वर आले, श्वास अडला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मग त्या पुढे बोलू लागल्या.

"थांबा. आत्ता काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"तुमचे खांदे पाहा."

त्यांनी पाहिलं. खांदे अजून वरच होते. मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "खाली मोटर सुरू झाली ना. वाटलं, नळ आले."

माझ्या इमारतीत कोणीतरी पंप लावला होता. मला तो ऐकूसुद्धा आला नव्हता.

इंदूरला सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणतात, आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड, थोडा वेळच येतं. सुलभाताईंच्या गल्लीत नळ पहाटे येतात. कधी चारला, कधी साडेपाचला. मोटर वेळेवर लागली नाही तर टाकी भरत नाही. लग्न होऊन आल्यापासून हे काम त्यांचं. "आणि ज्या दिवशी नळ नसतात?" मी विचारलं. त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशीही त्याच वेळेला जाग येते."

पुढची वीस मिनिटं मी जवळजवळ काहीच बोलले नाही. त्याच आठवून आठवून सांगत गेल्या. रात्री सासूबाईंच्या काठीचा आवाज, कारण दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या होत्या. मुलाच्या गाडीचा आवाज, तो सराफ्यातून, रात्रीच्या खाऊगल्लीतून, मित्रांबरोबर बाराच्या पुढे येतो. मुलीची कॅब घरी पोचल्याचा मेसेज. उधारीचे फोन आले की यजमानांचा बदलणारा सूर. "म्हणजे मॅडम, मी झोपते तेव्हासुद्धा माझे कान जागेच असतात?" आणि पुढच्याच क्षणी, "पण यातलं एकही टेन्शन नाही हो. हे तर माझं घर आहे."

या वाक्यापाशी मी आजही थांबते. दुःख असेल तरच शरीर झिजतं, असं आपण धरून चालतो. शरीर मात्र वेगळाच हिशेब ठेवतं: किती वेळ सज्ज राहावं लागलं आणि त्यातून सुटका कधी झाली. प्रेमापोटी सज्ज राहिलात की धाकापोटी, स्नायूंना त्यातला फरक कळत नाही. सज्ज व्हायचं म्हटलं की ॲड्रेनलीन वाढतं, ठोके वाढतात, मान-खांदे-जबडा आवळला जातो, श्वास उथळ होतो आणि पचनाचं काम मागे पडतं. १८९०च्या दशकात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन मांजरांच्या पोटाची हालचाल क्ष-किरणांखाली पाहत होते. मांजर बिथरलं की पोटाची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. सुलभाताईंचं जेवण होतं रात्री दहाला, एक कान काठीकडे आणि एक फाटकाकडे लावून. मग ॲसिडिटीची गोळी तरी किती पुरी पडणार!

ही यंत्रणा वाईट नाही. ती चढते तशी उतरायलाही हवी. ती उतरतच नाही, तेव्हा मान आणि झोप बोलायला लागतात.

म्हणून "तुम्हाला कसलं टेन्शन आहे?" हे विचारणं मी केव्हाच सोडलं. मी विचारते, "दिवसभरात तुम्ही बेसावध केव्हा असता?" हा प्रश्न मला माझ्यासमोर बसलेल्या माणसांनीच शिकवला आणि त्याचा मला अभिमान वाटतो, कारण त्याला "काहीच नाही" असं उत्तर देता येत नाही. पीएससीचा मुलगा म्हणाला, "फक्त आंघोळ करताना." ती तरुणी विचार करकरून म्हणाली, "मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो तेव्हा." सुलभाताई म्हणाल्या, "माहेरी. पण आई गेल्यापासून तेही नाही."

पुढचं काम कामांची वाटणी करण्याचं, आणि ते वाटलं तितकं सरळ नव्हतं. यजमान एकदा येऊन बसले. सगळं ऐकून म्हणाले, "एवढंच? आधी सांगायचं ना. नळाचं मी बघतो." बघायला लागलेही. पण सुलभाताई पहाटे पडल्या पडल्या, ते उठले की नाही याची चाहूल घेत राहिल्या. पाणी भरायचं काम गेलं, पहारा तसाच राहिला. बहुतेक घरांत मदत इथेच फुकट जाते. मग आम्ही तिघांनी ठरवलं: यजमानांनी गजर लावून बाहेरच्या खोलीत झोपायचं, आणि टाकी कोरडी राहिली तरी सुलभाताईंनी उठायचं नाही. एकदा तशी राहिलीच. शेजारून दोन बादल्या आल्या, टँकर मागवला, दुपारपर्यंत सगळं मार्गी लागलं. आपण नसलो तरी घर कोसळत नाही हे मी शंभर वेळा सांगून जमलं नसतं, ते त्या कोरड्या टाकीनं केलं. सासूबाईंच्या पलंगाशी दाबायची घंटी बसवली, बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा आणि पकडायला दांडा. आता काठीच्या आवाजावर कान ठेवायची गरज उरली नाही.

जबड्याचं एक सांगते, अनेकांच्या उपयोगाचं आहे. आपण गप्प बसलेलो असतो तेव्हा ओठ मिटलेले असावेत, पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. आत्ता वाचता वाचताच पाहा. टेकलेले असतील तर सोडा, खांदे खाली घ्या आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, पाच मिनिटं. हे जेवणाआधी केलं तर पोटालाही बरं.

चहाचंही पाहायला हवं. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुकानातून आलेल्या यजमानांबरोबर घेतलेला रात्री आठचा कप मध्यरात्र उलटली तरी अंगात असतो. आवाजाचंही तसंच. आपल्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रस्त्याला लागून झोपणाऱ्यांना जाग आली नाही तरी हॉर्नसरशी ठोके वाढतात. शक्य असेल तर मागच्या खोलीत झोपा.

मात्र छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, दम लागला, तर हे काहीही करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. विनाकारण वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच जीव रमत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच भेट मिळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे.

सुलभाताईंची झोप आता बहुतेक दिवस पाच-सव्वापाचपर्यंत लागते. जबडा मोकळा झाला, ॲसिडिटीची गोळी महिन्याकाठी एखादी. मान अजून कधी कधी धरते, विशेषतः लग्नसराईत, दुकान उशिरापर्यंत उघडं असतं तेव्हा. त्या आठवड्यांत नळ मुलाकडे असतात.