राजा एक, देश दोन

प्रश्न : आजोबा फाळणीआधीपासून कराचीत नोकरीला होते, १९४८च्या पावसाळ्यात गावी परतले. त्यांच्या पोथीत दहा रुपयांच्या दोन नोटा सापडल्या. दोन्हींवर इंग्लंडचा राजा आणि ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’. मात्र एकीवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असंही छापलंय आणि सही सी. डी. देशमुखांची! कुणी थट्टा केली असेल का? साल का नाही?
– एक वाचक, रोहा

उत्तर : थट्टा नव्हे. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते (आमच्याकडे प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नोटा), त्यामुळे या नोटेची गोष्ट मी जेवताना ऐकत वाढलो.

फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना स्वतःची मध्यवर्ती बँक होती, ना नोटांचा छापखाना. म्हणून काही महिने दोन्ही देशांचा गल्ला आपल्याच रिझर्व्ह बँकेकडे होता. तिच्याच नोटांवर, जलचिन्हाच्या (वॉटरमार्कच्या) कोऱ्या जागेत, वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ छापून त्या १ एप्रिल १९४८ला तिकडे चलनात आल्या. छापल्या नाशिकला. पाठीवर मात्र काही बदललं नाही, मजकूर आपला होता तसाच. १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. आजोबांनी येताना खिशातली नोट तशीच आणली असणार. इकडे ती चालण्यासारखी नव्हती, म्हणून पोथीत गेली.

आणि सही देशमुखांची का, हे रोह्याच्या माणसाने विचारावं? तुमच्याच जिल्ह्यातले ते! १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

दुसऱ्या नोटेवर देशमुखांच्या आधीचे गव्हर्नर जे. बी. टेलर यांची सही असेल, तर ती आधीची. बँक १९३५ला निघाली, पण स्वतःची नोट काढायला १९३८ उजाडलं. जानेवारीत पाच रुपयांची, फेब्रुवारीत दहाची. तोवर भारत सरकारच्याच नोटा चालत होत्या. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ बिचारे एकाही नोटेवर सही न करता गेले. साल त्या नोटांवर छापतच नसत, सहीवरूनच काळ ओळखायचा.

इस्त्री मात्र फिरवू नका. एका स्नेह्यांनी फिरवली आणि घडीवरच नोट दुभंगली.