वाचकांचे प्रश्न : हवेतला ओलावा आणि डीएलसी लेपाचे घर्षण

प्रश्न : आम्ही पोलादाच्या चकत्यांवर हिरेसदृश कार्बनचा, म्हणजे ज्याला सगळे डीएलसी म्हणतात तो, लेप बाहेरून देऊन आणतो. चकतीवर पोलादी गोळी ठरावीक वजनाने दाबायची, चकती फिरवायची आणि घर्षणांक मोजायचा, अशी साधी चाचणी प्रत्येक खेपेची करतो. एकाच खेपेतल्या चकत्यांचा घर्षणांक कोरड्या दिवसांत कमी येतो आणि दमट दिवसांत जवळजवळ दुप्पट होतो. दुसऱ्या पुरवठादाराच्या चकत्यांवर मात्र नेमके उलटे घडते; त्या कोरड्या हवेतच जास्त अडतात. उपकरण दोनदा तपासून घेतले, त्यात दोष नाही. मग चूक कुठे आहे?

उत्तर : चूक बहुधा कुठेच नाही. दोन्ही पुरवठादारांनी आपल्याला एकाच नावाखाली दोन निराळे पदार्थ दिले आहेत, आणि आपले उपकरण तेवढा फरक प्रामाणिकपणे दाखवत आहे. डीएलसी हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे. या कुटुंबातल्या सगळ्या लेपांत कार्बनचे अणू स्फटिकासारखे शिस्तीत न बसता अस्ताव्यस्त बसलेले असतात, त्यांपैकी काहींचे बंध हिऱ्यातल्यासारखे चार बाजूंना आणि काहींचे ग्राफाइटमधल्यासारखे तीन बाजूंना असतात. पण लेपात हायड्रोजन किती आहे यावरून कुटुंबाच्या दोन शाखा पडतात. ॲसिटिलीन किंवा मिथेनसारखा वायू प्लाझ्मात फोडून जो लेप बसवतात त्यात हायड्रोजनच्या अणूंचे प्रमाण साधारणपणे २० ते ५० टक्के असते. ग्राफाइटच्या ठोकळ्यावर विद्युत ठिणगी पाडून, म्हणजे आर्क पद्धतीने, जो लेप बसवतात त्यात हायड्रोजन जवळजवळ नसतो आणि हिऱ्यासारख्या बंधांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास नेता येते. पहिला लेप कोरड्या हवेत निसरडा असतो, तर दुसऱ्याला निसरडे होण्यासाठी ओलावा लागतो. आपला पहिला पुरवठादार पहिल्या शाखेचा आणि दुसरा दुसऱ्या शाखेचा लेप देत असावा, हे आपल्या निरीक्षणावरूनच ओळखता येते.

असे का होते, हे समजून घ्यायला कार्बनच्या चार हातांची शाळेतली गोष्ट पुरते. लेपाच्या आतल्या अणूंचे हात शेजाऱ्यांच्या हातांत गुंतलेले असतात, पण गोळीने वरचा पापुद्रा खरवडला की उघड्या पडलेल्या अणूंचे काही हात मोकळे राहतात. समोरच्या पृष्ठभागावरही असेच मोकळे हात असतील तर ते एकमेकांना धरतात, आणि घसरण्यासाठी हे नवे बंध प्रत्येक वेळी तोडावे लागतात. हायड्रोजनविरहित लेप निर्वातात किंवा अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये घासला असता घर्षणांक ०.५ च्या वर जाऊ शकतो तो याच कारणाने. त्याच पेटीत पाण्याची वाफ सोडली की पाण्याचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, हायड्रोजन एका मोकळ्या हाताला आणि उरलेला हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या हाताला चिकटतो, आणि हात भरल्यामुळे पकड सुटते. नेहमीच्या दमट हवेत हाच लेप ०.१ च्या आसपास येतो आणि त्याची झीजही पुष्कळच कमी होते.

हायड्रोजनयुक्त लेपाचे हात आधीच भरलेले असतात, शिवाय खरवडले गेले तरी आतला हायड्रोजन ती जागा भरून काढतो. अशा दोन पृष्ठभागांमध्ये फक्त क्षीण आकर्षण उरते. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भरपूर हायड्रोजन असलेल्या लेपावर कोरड्या नायट्रोजनमध्ये ०.००१ ते ०.००३ इतका घर्षणांक मोजला. चांगले तेल लावलेल्या, पण पृष्ठभाग एकमेकांना टेकत असलेल्या पोलादाचा घर्षणांक साधारण ०.१ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती लहान आहे ते कळते. मात्र हायड्रोजन नुसता असून भागत नाही, तो पुरेसा लागतो. अतिनिर्वातात केलेल्या चाचण्यांत हायड्रोजन सुमारे ४० टक्के असलेला लेप ०.०१ च्या आसपास घसरतो, आणि त्याहून काही टक्केच कमी हायड्रोजन असलेला लेप थोड्या फेऱ्यांतच ०.५ च्या वर चढतो. एका लेपाकडून दुसऱ्याकडे जाताना घर्षणात पन्नासपट उडी पडते आणि रासायनिक फरक मात्र इतका थोडा, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

आता या हायड्रोजनयुक्त लेपावर ओलावा आला की काय होते ते पाहा. पाण्याचे रेणू त्याच्यावरही बसतात. ते ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असलेले, असल्यामुळे दोन्ही पृष्ठभागांना थोडेफार धरून ठेवतात, आणि घासताना ऑक्सिजनच्या संगतीने वरच्या थराचे ऑक्सिडीकरणही घडवतात. क्षीण आकर्षणाची जागा अशी थोडी अधिक घट्ट पकड घेते आणि हजारांशात असलेला घर्षणांक शंभरांशांत, कधी ०.१ च्याही पुढे जातो. गंमत अशी की कोरड्या वायूत या दोन शाखांमध्ये शेकडोपट अंतर असते, पण मध्यम दमट हवेत दोघीही ०.०५ ते ०.२ च्या पट्ट्यात शेजारीशेजारी येऊन बसतात. म्हणून दमट खोलीत केलेल्या एकाच चाचणीवरून लेप कोणत्या शाखेचा आहे हे सांगता येत नाही.

एक गोष्ट आपण सहज करून पाहू शकता. चाचणी थांबल्यावर गोळी न पुसता भिंगाखाली धरा. तिच्या टेकण्याच्या जागी एक काळपट, काही वेळा इंद्रधनुषी छटांचा पातळ डाग दिसेल आणि कडेला काजळीसारखा चुरा साचलेला असेल. हा डाग म्हणजे लेपातून गोळीवर गेलेला कार्बन होय. तो बसेपर्यंत पोलाद लेपावर घासत असते, आणि बसल्यावर कार्बन कार्बनवर घासू लागतो. आलेखात पहिल्या काही शे फेऱ्यांत घर्षणांक आधी वर जाऊन मग खाली उतरतो तो टप्पा हाच. हायड्रोजनयुक्त लेपाच्या बाबतीत दमट हवेत हा डाग नीट बसत नाही किंवा विरळ राहतो, आणि काजळीत पोलादाच्या गंजाची तांबूस झाक दिसू शकते. दमट दिवसाची आणि कोरड्या दिवसाची गोळी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यास आपल्या दुप्पट आकड्याचे कारण बव्हंशी डोळ्यांना दिसेल.

प्रश्न : कोरडा नायट्रोजन वापरूनही चकतीचा वेग बदलला की घर्षणांक बदलतो. मंद गतीला तो जास्त येतो. वायू तर तोच आहे, मग असे का?

उत्तर : कारण ‘कोरडा’ नायट्रोजन पूर्ण कोरडा नसतो, आणि गोळी एकदा गेल्यावर पुन्हा त्याच जागी येईपर्यंत त्या उरलेल्या वाफेला काम करायला वेळ मिळतो. थोडा हिशेब करू. २० अंश सेल्सिअसला हवा निम्मी संपृक्त असेल, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १.२ किलोपास्कल असतो. पृष्ठभागावर आदळलेला प्रत्येक रेणू चिकटतो असे धरले, तर या दाबाला रेणूंचा एक पूर्ण थर बसायला सेकंदाचा साधारण एक कोट्यंश एवढाच काळ लागतो. गोळी परतायच्या आत थर केव्हाच तयार झालेला असतो, आणि वेगाने फरक पडत नाही. पण वायूत वाफ दशलक्षात एक भाग एवढीच असेल, तर तिचा दाब ०.१ पास्कल होतो आणि तोच थर बसायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा थोडा जास्त काळ लागतो. प्रत्यक्षात आदळणारे बहुतेक रेणू चिकटत नाहीत, त्यामुळे हा काळ सेकंदांपर्यंत लांबतो, आणि नेमक्या एवढ्याच काळात चकतीची एक फेरी होते. चकती हळू फिरली तर थर जाड होतो आणि घर्षण वाढते. भराभर फिरली तर गोळी तो थर वाढण्याआधीच पुसून नेते. हायड्रोजनयुक्त लेपावर हा परिणाम २००१ मध्ये प्रयोगाने दाखवला गेला आहे. पडताळणी सोपी आहे. चाचणी पाच मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करा. पहिल्या फेरीला घर्षणांक चढलेला आणि पुढच्या फेऱ्यांत उतरत गेलेला दिसेल.

प्रश्न : सगळेच घन वंगण ओलाव्याला असे संवेदनशील असतात का?

उत्तर : बरेचसे असतात, पण सगळे एकाच दिशेने नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड निर्वातात उत्तम चालते आणि दमट हवेत बिघडते, म्हणूनच अवकाशयानांच्या यंत्रणांत त्याला मान आहे. ग्राफाइट याच्या उलट आहे. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ग्राफाइटचे ठोकळे, पाहता पाहता झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत पाण्याची वाफ पुरत नाही, हे त्यामागचे कारण जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी स्पष्ट केले. ग्राफाइट निसरडे असते ते केवळ त्याच्या थरांच्या रचनेमुळे, असे तोवर मानले जाई. थर निसरडे खरे, पण त्यांच्या कडांचे मोकळे हात भरायला वाफ लागते.

प्रश्न : वातानुकूलित पेटी घेण्याची ऐपत नसताना चाचणीतली आर्द्रता कशी राखावी?

उत्तर : झाकणाच्या पारदर्शक पेटीत क्षाराचे संपृक्त द्रावण पसरट भांड्यात ठेवावे, तळाशी न विरघळलेला क्षार दिसत राहील एवढा घालावा, आणि छोट्या पंख्याने आतली हवा हलती ठेवावी. २५ अंशांना लिथियम क्लोराइडवर सापेक्ष आर्द्रता ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३ टक्के, साध्या मिठावर ७५ टक्के आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के राहते. चकती आणि गोळी चाचणीपूर्वी तासभर तरी त्याच पेटीत राहू द्याव्यात. तापमानही लिहून ठेवावे, कारण १० अंशांच्या ५० टक्क्यांत जेवढी वाफ असते तिच्या साडेतीनपट वाफ ३० अंशांच्या ५० टक्क्यांत असते, आणि लेपाचा संबंध टक्केवारीशी थेट नसून रेणूंच्या संख्येशी आहे. भाग शंभर अंशांच्या वर तापत असेल तर पृष्ठभागावरचे पाणी निघून जाते आणि लेप दमट खोलीतही कोरड्या हवेतल्यासारखा वागू लागतो. लेपात सिलिकॉन मिसळलेला असेल तर आर्द्रतेचा परिणाम बराच सौम्य होतो. चाचणीचे आकडे सगळीकडे सारखेच आले तर पुरवठादाराला तेवढे विचारून घ्यावे.

नायट्रोजन वापरणार असाल तर टाकीपासून पेटीपर्यंत धातूची नळी टाकावी. सिलिकॉन रबराच्या नळीतून बाहेरची वाफ आत झिरपते, आणि टाकीवर कितीही शुद्धता छापलेली असली तरी पेटीत पोहोचणारा वायू ओलसरच असतो.