मोबाईलवरच्या खेळांनी वाचन सुधारेल का?

प्रश्न : मुलगा मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. घरी आम्ही कोंकणीच बोलतो. त्याला सुटी अक्षरे येतात, शब्द वाचताना मात्र अडतो. मोबाईलवरचे अक्षरखेळ द्यावेत का? गावात रेंज धड नसते.
– एक आई, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : जरूर द्या, पण खेळ अक्षराचा आवाज ऐकवणारा हवा. फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठात तयार झालेला ग्राफोगेम असाच आहे: आवाज ऐकायचा आणि स्क्रीनवरचे नेमके अक्षर टिपायचे. झांबियात पहिलीच्या मुलांना तो दिला, तेव्हा जिथे शिक्षकांनीही तो खेळला तिथे फायदा अधिक दिसला. म्हणून मुलाच्या शेजारी बसा.

मराठीसाठी गूगलचे रीड अलाँग घ्या. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकून अडलेला शब्द सांगते. वाळपईला किंवा कुठेही रेंज मिळेल तिथे गोष्टी आधीच उतरवून ठेवा, मग त्या इंटरनेटशिवाय चालतात. पंखा बंद ठेवा. कौलांवर पाऊस वाजत असेल तर नीट वाचलेलेही ॲपला कळत नाही आणि मूल उगाच हिरमुसते.

रोज 15 मिनिटे पुरेत. क, म, ल, र, न आणि काना एवढ्यावरच सुरुवात करा. काम, माल, नाक, कमल सहज वाचू लागला की पहिली वेलांटी घ्या. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारात नंतर, त्यामुळे बरीच मुले तिथे अडखळतात. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी आणू नका. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

तुमच्या घरी एक अडचण हमखास येईल. कुत्र्याचे चित्र पाहून तो मनात ‘सुणें’ म्हणेल आणि ‘स’वर बोट ठेवेल. खेळ चूक दाखवेल, पण अक्षर त्याला येत असते, मराठी शब्द तेवढा सुचलेला नसतो. खेळण्याआधी चित्रांची मराठी नावे त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. कोंकणीवरून रागावू नका. तीही शाळेत देवनागरीतच शिकवतात, तेव्हा ओळखीचे अक्षर दोन्हीकडे कामी येते.

आवाज बंद करून खेळू देऊ नका. मग तो चित्राच्या जागा पाठ करून गुण मिळवतो. आठवड्यातून एकदा तीच अक्षरे वापरून खेळात नसलेले दहा शब्द कागदावर लिहा आणि वाचायला द्या. आठ-नऊ जमले तरच पुढची अक्षरे घ्या.