शेत गहाण टाकायच्या आधी एका सीटचा हिशोब कर

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाबा चिक्कोडीकडची दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत, तुला पायलट व्हायचंय, आणि काका काय म्हणतात ते विचार म्हणून आईनं सांगितलंय. मी नको म्हणत नाही. पण बावीस वर्षं एअरलाइनच्या ऑफिसात बसून रूटचे हिशोब केलेत मी, तेवढं ऐक आणि मग ठरव.

ऊस तोडून ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात अडकला की बाबांचा जीव कसा वरखाली होतो बघितलंयस न्हवं, ऊस वाळतो, वजन घटतं. विमानाची सीट त्याहून वाईट बघ. दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, आणि खर्च मात्र विमान भरलेलं असू दे नाहीतर अर्धं, जवळपास तेवढाच. म्हणून तर तिकिटाचे दर सारखे बदलतात. आपल्याकडच्या एअरलाइनचा ३० ते ४० टक्के खर्च नुसता इंधनाचा, ते एटीएफ अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. विमानं बहुतेक भाड्याची, भाडं डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयात, त्यामुळं रुपया घसरला की भरलेलं विमानसुद्धा तोट्यात जातं. आयाटा, म्हणजे जगभरातल्या एअरलाइनची संघटना, तिच्या हिशोबानं जगभरात एका प्रवाशामागं निव्वळ नफा साधारण ७ डॉलर, म्हणजे ६०० रुपये धर. किंगफिशर २०१२ ला बसली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. प्रवासी नव्हते म्हणून नाही रे! गो फर्स्टची तर निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर होती.

आपलं सांबराच घे, बेळगावचं विमानतळ. लहान शहरांना विमानानं जोडायची सरकारची उडान योजना आहे न्हवं, २०१९ ला तिच्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं आणि विमानं एकदम वाढली, सगळे खूश. पण उडानमध्ये सरकार तोट्याची भरपाई देतं ती तीन वर्षंच, ती संपल्यावर काही रूट गेले. लोकांना वाटलं बेळगाववर अन्याय झाला. मला पण वाईट वाटलं, पण हिशोब सरळ होता: हुबळी, कोल्हापूर, गोवा सगळे दीडशे किलोमीटरच्या आत, प्रवासी वाटले जातात, आणि ७० सीटच्या विमानात एका सीटचा खर्च १८० सीटच्या विमानापेक्षा जास्त पडतो. रूट टिकतो तो रोज भरणाऱ्या सीटवर.

आता तुझं. पायलट लागणार हे खरं, इंडिगोनं २०२३ ला एका झटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं ४७० ची. पण विमानं सावकाश येतात, आणि २०० तास उडवून लायसन हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नाही, मध्ये टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठराविक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा, खर्च वेगळा. माझ्या ओळखीतला एक पोरगा तीन वर्षं घरी बसून होता, कर्जाचं व्याज काय थांबत नाही. म्हणून शेताच्या कागदाला हात लावायच्या आधी डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, पायलटसाठीचं क्लास १ मेडिकल करून घे, तिथंच अडलं तर निदान पैसे तरी वाचतील.

आणि एक गोष्ट जी मला तुला मनापासून सांगायचीय. पुढच्या वीस-तीस वर्षांत मोठी विमानं बॅटरीवर उडणार नाहीत, किलोमागं बॅटरीत इंधनाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढीच ताकद मावते, शिवाय इंधन जळून वजन कमी होतं, बॅटरी उतरेपर्यंत तेवढीच जड. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशाला ठेवावा लागतो, विमानं बनवणाऱ्या एअरबसनं हायड्रोजनच्या विमानासाठी २०३५ म्हटलं होतं ते पण पुढं ढकललं. मग राहिलं काय, तर सॅफ, म्हणजे खनिज तेल सोडून दुसऱ्या कशापासून केलेलं विमानाचं इंधन, आणि ते उसाच्या इथेनॉलपासून पण होतं! भारतानं आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ ला १ टक्का, २०३० ला ५ टक्के असं टार्गेट ठेवलंय. २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान देशी कच्च्या मालापासून केलेलं सॅफ मिसळून उडालं पण. आज ते साध्या एटीएफच्या निदान दुप्पट महाग आहे, ते स्वस्त कसं करायचं हे कुणाला तरी सोडवावं लागणार, आणि आपल्या जिल्ह्यात किती साखर कारखाने, किती डिस्टिलऱ्या आहेत हे तुला मी सांगायला नको. तू मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात, ते तर तू हायवेवरून जाता-येता बघतोसच.

दिवाळीला निपाणीला येतोय. आपण दोघं एखाद्या डिस्टिलरीत जाऊन येऊ, माझा मित्र आहे तिथं. तोपर्यंत बेळगाव-बेंगळुरू एका फेरीचा हिशोब स्वतः मांडून ठेव, चुकला तरी चालेल, आणि बाबांना सांग काका येईपर्यंत बँकेत जाऊ नका.

काका