चौथा अटेम्प्ट नको

चि. रामबागवाले,

तुझं चार पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी थोडक्यात: वय २६, बी.ए., मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे (एमपीपीएससी) तीन अटेम्प्ट, त्यात एकदा मेन्सपर्यंत मजल. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या लायब्ररीत शेजारी बसणाऱ्या झाबुआच्या मित्राबरोबर रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागलास आणि वर्षभरात येशूवर विश्वास बसला. आता तयारी सोडून बायबल कॉलेज, मग पास्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचंय. आईनं बोलणं टाकलंय.

मी ख्रिस्ती नाही, आणि कुणाची श्रद्धा तपासायला मला नेमलेलं नाही. तू लिहितोस, 'निकालाच्या पीडीएफमध्ये रोल नंबर नसला की मीच नसायचो. तिथे पहिल्यांदा वाटलं, निवड न होताही मी कुणाला तरी हवा आहे.' हे मी दोनदा वाचलं. तीन वर्षं स्वतःला कटऑफवर तोलणाऱ्या मुलाला असं वाटणं लहान गोष्ट नाही, आणि ते कुणी थट्टेवारी नेऊ नये.

पण पत्राची शेवटची ओळ? 'सर, बायबल कॉलेजची एन्ट्रन्स क्लिअर होईल ना?' अरे, ज्यानं परीक्षा न घेता जवळ केलं, त्याच्याच दारात पुन्हा फॉर्म भरून धडधडत उभा राहणार? मला तर वाटतं, तू पीएससी सोडलेलीच नाहीस, फक्त आयोग बदललास.

तुझ्याच बायबलातला पौल बघ. आधी येशूच्या अनुयायांचा छळ करणारा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूवर विश्वास बसून त्याचं आयुष्य फिरलं, पण यरुशलेमला तो तीन वर्षांनी गेला, असं गलतीकरांच्या पत्रात तो स्वतःच सांगतो. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करायचं काम करत होता. आपला खर्च मंडळीवर, म्हणजे चर्चच्या लोकांवर, पडू नये याची त्याला काळजी. आणि मंडळीचा अध्यक्ष नवखा नसावा, हे तर तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्पष्टच लिहिलंय. तुझ्या पास्टरांना हे माहीत असणारच. त्यांनी घाई केली नसेल, घाई तुझीच दिसते.

कॉलेजचं म्हणशील तर पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत बी.डी., म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी, करता येते, तिथे तुझी बी.ए. कामाला येईल. मात्र अशा ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र मागतात, आणि ते एका वर्षाच्या ओळखीवर मागणं तुलाच अवघड जाईल.

बाप्तिस्मा अजून झालेला नाही म्हणतोस, म्हणून कोरडं पण गरजेचं एक. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य कायद्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची अट आहे, विधी करणाऱ्या धर्मगुरूलासुद्धा. या कलमाला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, तेव्हा आजची स्थिती वकिलाला विचार, व्हॉट्सअ‍ॅपला नको. प्रवर्ग तू लिहिला नाहीस. अनुसूचित जातीचा असशील तर १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. जमातीचं तसं नाही. श्रद्धेचा निर्णय यावर ठरवू नकोस, पण माहीत असू दे.

आता पोटाचं. राज्यघटना आणि पंचायतराज तुला तोंडपाठ आहे. क्लासवाल्यांकडे हेच विषय शिकव आणि पगार घे. तीन वर्षं लायब्ररीची फी वडिलांच्या पेन्शनमधून गेली. पहिला पगार घरात आला की आवाज आपोआप खाली येतील, घरच्यांचे आणि तुझाही. सेवाच करायची आहे तर समाजकार्याचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, एमएसडब्ल्यू, इंदुरातच होतं. तिथल्या फील्डवर्कमध्ये वस्तीत रोज जाणं तुला जमतं की नुसतं आवडतं, ते कळेल. दोन वर्षांनंतरही पास्टर व्हावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.

आईबद्दल. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पण टिळकांनी नाव बदललं नाही, मराठी सोडली नाही. ख्रिस्ताची गाणी लिहिली तीही अभंगात, भजनात. तुझ्या आईला भीती ही की मुलगा आता आपल्या भाषेतून, आपल्या ताटावरून उठून जाणार. संध्याकाळी देवघरातला दिवा लावायचं काम तुझ्याकडे होतं, ते तू एके दिवशी न सांगता बंद केलंस, असं तूच लिहितोस. दिवा लावायचा की नाही, ते तू ठरव. पण 'आई, मी आता लावणार नाही, कारण असं' हे तिच्याजवळ बसून सांगायला हवं होतं. अजून सांगता येईल. रविवारी प्रार्थनेहून येताना पोहे-जलेबी घेऊन ये आणि मग बोल.

आणि पुढच्या पत्राची सुरुवात 'मी, तीन अटेम्प्ट झालेला' अशी करू नकोस बुवा. यावेळी पहिल्याच ओळीत तेच होतं आणि येशू तिसऱ्या पानावर.