हर्णैजवळ राहतो. सुवर्णदुर्ग, मुंबई वगैरेंची जुनी स्टील एन्ग्रेव्हिंग (पोलादाच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) जमवायची आहेत. ‘सेव्हर्नड्रूग’ नावाचं एक चित्र ऑनलाइन विकायला आहे, घेऊ का? आणि आपल्या दमट हवेत ही चित्रं टिकतात का?

पैसे भरण्याआधी त्या चित्राचा फोटो मोठा करून बघा. तीन कोनांचा मनोरा, भोवती झाडी आणि समुद्राचा पत्ता नाही, असं दिसत असेल तर तो आपला सुवर्णदुर्ग नव्हे. तो लंडनमधल्या शूटर्स हिलवरचा मनोरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कमोडोर विल्यम जेम्सनं 1755 मध्ये सुवर्णदुर्ग घेतला होता. तो वारल्यावर त्याच्या पत्नीनं 1784 मध्ये त्याच्या स्मरणार्थ हा मनोरा बांधून घेतला आणि त्याला किल्ल्याचंच नाव इंग्रजी उच्चारात दिलं, सेव्हर्नड्रूग. दुसरा घोळ सावनदुर्गाचा. बंगळूरजवळचा तो अजस्र कातळ इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेनं 1791 मध्ये जिंकला, आणि इंग्रजीत दोन्ही नावं इतकी जवळची लिहिली जातात की यादीत सरमिसळ होते. सुवर्णदुर्ग तुम्ही रोज पाण्यात उभा बघता. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा तुमच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवा.

अजून एक गोष्ट लक्षात असू द्या. पुस्तकांतल्या चित्रांसाठी पोलादाचा पत्रा इंग्लंडमध्ये रुळला तो 1820 नंतर. त्यामुळे 1755-56 च्या आंग्रेविरोधी मोहिमांचं ‘त्याच काळातलं स्टील एन्ग्रेव्हिंग’ कुणी दाखवलं, तर ते स्टीलचं तरी नाही किंवा त्या काळातलं तरी नाही. कोकणातली बंदरं शोधताना जुनी इंग्रजी नावं वापरा: विजयदुर्ग म्हणजे घेरिया, वसई म्हणजे बसीन, बाणकोट म्हणजे फोर्ट व्हिक्टोरिया. जे सापडेल त्यातलं बरंचसं तांब्याच्या पत्र्यावरचं किंवा अ‍ॅक्वाटिंट (पत्रा आम्लानं खोदून रेघांऐवजी छटा उमटवलेलं चित्र) असेल. तेही सुंदर असतं, पण सहसा महाग पडतं.

स्टीलमध्ये आपल्या किनाऱ्याचं म्हणून मिळतं ते मुख्यतः मुंबईचं. माझं मत विचाराल तर सुरुवात फिशर या लंडनच्या प्रकाशकाच्या 1830 च्या दशकातल्या चित्रांपासून करा. रॉबर्ट एलियट या नौदलातल्या कप्तानानं इकडे रेखाटनं केली, लंडनच्या चित्रकारांनी ती सजवली आणि कोरणाऱ्यांनी पत्र्यावर उतरवली. त्या सजवणाऱ्यांत सॅम्युअल प्राउटसारखे भारतात पाऊलही न ठेवलेले लोक होते, म्हणून डोंगर जरा जास्तच उंच आणि आकाश जरा जास्तच नाट्यमय दिसतं. यातलंच एक चित्र मुंबई बंदरात पावसाळ्यात सापडलेल्या मच्छीमार होड्यांचं आहे. कोकणातल्या माणसानं पहिलं चित्र घ्यावं तर ते. तांब्याचा पत्रा काहीशे ते हजार-दोन हजार प्रतींत झिजायचा, पोलादावर त्याच्या कितीतरी पट प्रती निघायच्या. म्हणून ही चित्रं आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत.

खरं-खोटं ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी आकाश बघा. स्टीलमध्ये तिथे केसाहून बारीक, समांतर रेघा दिसतात, बहुतेकदा यंत्रानं आखलेल्या, आणि लांबून त्यांचाच रुपेरी करडा रंग होतो. रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. मागच्या बाजूला वर्तमानपत्राचा मजकूर असेल तर ते बहुधा लाकडी ठशाचं, 1842 पासून निघालेल्या सचित्र साप्ताहिकांतलं. रंगीत प्रतीसाठी जास्त पैसे मोजू नका. ही चित्रं बहुतेक काळी-पांढरीच निघाली, रंग बरेचदा मागाहून भरलेला असतो. चित्राखाली डावीकडे चित्रकाराचं, उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव असतं. ते कापलेलं असेल तर मी चित्र घेत नाही. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर जाल तेव्हा फ्रेममधून चित्र बाहेर काढून दाखवायला सांगा. मागे जुनी लाकडी फळी असेल तर तिच्या शिरांचे तपकिरी पट्टे कागदावर उमटलेले सापडतात, आणि ते पुढूनही दिसायला लागतात.

आता हवेचं. टिकतात, पण भिंतीवर नाही. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खूप वर असते. आम्लरहित कागदाच्या घडीत एकेक चित्र, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि डबा लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका, डाग पडतात. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर अजिबातच नको. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळं उघडून कसर, वाळवी बघायची. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती कागदात आणखी मुरते. सावलीत वारा लागू द्या, पूर्ण सुकल्यावर घराबाहेर मऊ ब्रशनं हलकेच झाडा. डाग काढायच्या फंदात स्वतः पडू नका, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.